पाणी न पिणारी बॅटरी

आमची सोसायटी बावधनला डोंगराच्या उतारावर आहे. फाटकापासून सर्वांत वरच्या इमारतीपर्यंतचा साडेतीनशे मीटरचा रस्ता सगळा चढाचा असल्यामुळे आणि इथे सत्तरी ओलांडलेली माणसे बरीच असल्यामुळे सव्वादोन वर्षांपूर्वी सभासदांनी वर्गणी काढून सहा आसनांची विजेवर चालणारी गाडी घेतली. मूळची ती गोल्फच्या मैदानावर फिरणारी गाडी. पण कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात अशा गाड्यांत बसलेली मंडळी तिला पहिल्या दिवसापासून ‘बॅटरी गाडी’च म्हणतात. सकाळी सात ते रात्री नऊपर्यंत ती खाली-वर करते. दूध, भाजी, दवाखाना, फाटकाजवळचे गणपतीचे मंदिर, शाळेची बस, अशा सगळ्या कामांसाठी लोकांना तिची सवय झाली आहे.

गेल्या फेब्रुवारीच्या मध्यापासून ही गाडी दुपारनंतर चढावर दम खाऊ लागली. आधी ती हळू झाली, मग चालक मुलगा एका फेरीला सहाऐवजी चारच माणसे घेऊ लागला, आणि एके दिवशी संध्याकाळी गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या एका आजींना निम्म्या चढावर उतरून हळूहळू चालत घरी जावे लागले. देखभालीचा करार ज्यांच्याकडे होता त्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी आला, त्याने बॅटऱ्यांच्या दोन टोकांना मीटर लावला, दहा मिनिटांत निदान सांगितले आणि आठही बॅटऱ्या बदलण्याचा १ लाख ३६ हजार रुपयांचा अंदाज लिहून दिला. समितीच्या बैठकीत तो कागद वाचला गेला तेव्हा मी पंधरा दिवसांची मुदत मागितली. सव्वादोन वर्षांत आठही बॅटऱ्या एकदम निकामी होणे अशक्य नाही. परंतु त्या का निकामी झाल्या हे कळल्याशिवाय नव्या बॅटऱ्या बसवणे मला पटत नव्हते, कारण मूळ दोष तसाच राहिला तर नवा संचही त्याच वाटेने जाणार होता.

माझी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. २००० साली खात्याचे भारत संचार निगम झाले, तरी आमच्या तोंडी ‘खाते’च राहिले. एक्स्चेंज ४८ व्होल्टवर चालते आणि त्यासाठी दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल एकापुढे एक जोडलेले असतात. त्या बॅटरी-खोलीत आम्लाला न बधणाऱ्या फरशा, सतत फिरणारा एक्झॉस्ट पंखा आणि दाराशी टांगलेली नोंदवही असे. रोज सकाळी ठरावीक सेलची, ज्याला आम्ही पायलट सेल म्हणत असू, ग्रॅव्हिटी (आतल्या आम्लाची घनता; सेल भरत जातो तशी ती वाढते) आणि व्होल्टेज त्या वहीत लिहायचे आणि महिन्यातून एकदा सगळ्या चोवीस सेलचे. आमच्या गाडीत सहा व्होल्टच्या, २२५ अँपिअर-अवर क्षमतेच्या आठ बॅटऱ्या आहेत. सहा व्होल्टच्या एका बॅटरीत तीन सेल, म्हणजे आठांत पुन्हा चोवीसच. आसनाखालचे झाकण उचलून त्या आठ पेट्या पाहिल्या तेव्हा ओळखीच्या घरात आल्यासारखे वाटले, आणि त्यांच्यासाठी कोणीच वही ठेवलेली नाही याचे वाईटही वाटले.

कामाला लागण्यापूर्वी दोन वस्तू लागणार होत्या. नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांतून ग्रॅव्हिटी मोजणारा काचेचा हायड्रोमीटर घेतला. दुसरी वस्तू म्हणजे तारेभोवती धरून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर. हा घेताना एक गोष्ट पाहावी लागते: घरगुती वायरिंगचे काम करणाऱ्यांकडे जो साधा क्लॅम्प मीटर असतो तो बहुधा फक्त एसी प्रवाह मोजतो, बॅटरीच्या तारेभोवती धरला तर तो शून्यच दाखवतो. डीसी मोजणारा मीटर मला तपकीर गल्लीत दोन-चार दुकाने फिरल्यावर मिळाला. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, अंगठी आणि घड्याळ घरी, पान्याच्या दांड्यावर इन्सुलेशन टेप, आणि शेजारी पाण्याची बादली एवढी तयारी मी प्रत्येक वेळी केली. ४८ व्होल्टचा झटका फारसा बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण दोन टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात, आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्क्यांवर गेला की ठिणगीने पेटतो. आमचे पार्किंग इमारतीखालचे, चारही बाजूंनी उघडे आहे. तळघरात हे काम मी केले नसते.

पहिले माप मी सकाळी घेतले. रात्रभर ‘चार्जिंगला लावलेली’ गाडी चालकाने सहा वाजता सोडवली होती, त्यानंतर तिला दोन तास हलू दिले नाही. चार्जर काढल्याबरोबर टर्मिनलांवर फसवे, वरवरचे व्होल्टेज दिसते, ते उतरून स्थिर व्हायला वेळ द्यावा लागतो. दोन तासही तसे कमीच, परंतु फाटकाशी माणसे ताटकळत होती. पूर्ण भरलेल्या अशा संचाचे स्थिर व्होल्टेज ५०.९ च्या आसपास असायला हवे. मला ४८.९ मिळाले, म्हणजे संच जेमतेम साठ टक्के भरलेला होता. सकाळी, रात्रभराच्या चार्जिंगनंतर, एकही फेरी न मारता साठ टक्के.

मग एकेक बॅटरी वेगळी मोजली. सात बॅटऱ्या ६.११ ते ६.१३ व्होल्टच्या दरम्यान होत्या आणि पाचव्या क्रमांकाची ६.०४ होती. त्यानंतर चोवीसही सेलची बुचे काढून ग्रॅव्हिटी घेतली. हायड्रोमीटरवर १.२५० असा आकडा असतो, पण बोलताना सगळे त्याला बाराशे पन्नास म्हणतात. भरलेल्या सेलचा आकडा बाराशे पासष्ट ते बाराशे ऐंशी असायला हवा. तेवीस सेल अकराशे नव्वद ते बाराशेच्या दरम्यान होते. पाचव्या बॅटरीचा मधला सेल अकराशे चाळीस होता.

या आकड्यांकडे मी बराच वेळ पाहत बसलो, कारण करारवाल्याच्या निदानाशी ते जुळत नव्हते. आठ बॅटऱ्या म्हाताऱ्या होऊन मरतात तेव्हा त्या सारख्या मरत नाहीत; कोणाचा एक सेल जातो, कोणाची प्लेट झडते, आकडे विस्कटतात. इथे तेवीस सेल एका ओळीत उभे होते आणि सगळेच अर्धपोटी होते. याचा अर्थ बॅटऱ्या घेत नाहीत असा नव्हता, त्यांना मिळत नाही असा होता. एक सेल मात्र खरोखर आजारी होता.

न मिळण्याची कारणे तीन ठिकाणी असू शकतात: चार्जरपर्यंत येणारी वीज, स्वतः चार्जर, आणि चार्जरपासून बॅटरीपर्यंतचे सांधे. मी सांध्यांपासून सुरुवात केली, कारण ते डोळ्यांनी दिसतात. तिसऱ्या आणि चौथ्या बॅटरीला जोडणाऱ्या तारेच्या लगवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या पट्टीवर, पांढरट-हिरवी बुरशी चढली होती. नुसती बुरशी पाहून सांधा किती बिघडला आहे हे कळत नाही, त्यासाठी तो भार असताना मोजावा लागतो. चालकाला पाच माणसे घेऊन चढावर जायला सांगितले, मागच्या आसनावर मी झाकण उघडून बसलो. मीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरे त्याच खुंटीवर बसलेल्या लगवर धरले. चांगल्या सांध्यात हा आकडा जवळजवळ शून्य असतो. इथे ०.६ व्होल्ट दिसले, आणि त्याच वेळी क्लॅम्प मीटर १०० अँपिअर दाखवत होता. म्हणजे बोटभर जागेत साठ वॅट उष्णता तयार होत होती. जुन्या साठ वॅटच्या बल्बला हात लावला तर जेवढा चटका बसतो तेवढी. गाडी थांबवून लगजवळ हात नेला तर धग जाणवली. करारवाल्याच्या माणसाने मीटर संचाच्या दोन टोकांना लावला होता आणि तोही गाडी उभी असताना. उभ्या गाडीत प्रवाहच नसतो, त्यामुळे असा सांधा त्याला दिसणे शक्यच नव्हते.

ऋण टोकाची मुख्य तार सोडवून सगळे सांधे उघडले. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून बुरशीवर ओतला, फेस बसेपर्यंत थांबलो, ब्रशने घासले, साध्या पाण्याने धुऊन कोरडे केले. हे करताना सगळी बुचे घट्ट लावलेली असावीत, सोड्याचे पाणी सेलमध्ये गेले तर आतले आम्लच मारले जाते. तिसरी-चौथी जोडणारी तार आतून काळी पडली होती म्हणून नवी घातली. घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. लोक जेली आधी लावतात आणि मग लग बसवतात, तसे करू नये. धातूला धातू लागला पाहिजे, जेली फक्त वरून.

गाडीच्या चढण्यात त्याच दिवशी फरक पडला आणि बैठकीत मला शाबासकीही मिळाली. पण सकाळचे व्होल्टेज ४९ च्या पुढे जाईना. सांध्याने शक्ती खाल्ली होती हे खरे, तरी संच अर्धपोटी राहण्याचे कारण तो नव्हता.

दुसरा संशय विजेवर होता. चार्जर ज्या खटक्याला लावतात तो खांबावर दूर असल्याने मध्ये तीस मीटरची बारीक एक्स्टेन्शन वायर होती. खटक्यावर २२८ व्होल्ट मिळत होते, चार्जर चालू असताना चार्जरच्या पिनेपाशी २१५. वायरचा प्लग एका बाजूने पिवळा पडून वितळू लागला होता. हा आगीचा धोका असल्यामुळे तो त्याच दिवशी काढून टाकला आणि अडीच चौरस मिलिमीटरची केबल व सोळा अँपिअरचा नवा खटका गाडीच्या जागेशीच बसवून घेतला. परंतु २१५ व्होल्टवर आमचा चार्जर कुरकुरत नव्हता, बॅटरीच्या बाजूला तो पूर्वीही १८ अँपिअर देत होता आणि नव्या केबलनंतरही १८ च देत राहिला. म्हणजे चार्जर निर्दोष होता.

इथे एक अनुभव सांगायला हवा, कारण चार्जर दोषी ठरवून बदलण्याची चूक वारंवार होते. माझ्या एका परिचितांच्या मुळशीकडच्या शेतघरावर अशीच गाडी आहे. पावसाळाभर ती शेडमध्ये पडून राहिली आणि दिवाळीत चार्जर लावला तर काहीच हालचाल नाही. त्यांनी नवा चार्जर मागवण्याची तयारी केली होती. या गाड्यांचे बहुतेक चार्जर समोर आपल्या ओळखीचा संच आहे याची खात्री करून मगच सुरू होतात, आणि संचाचे व्होल्टेज फारच खाली गेले असेल तर त्यांना बॅटरी जोडली आहे हेच कळत नाही. त्यांच्या संचाला तीसच्या आसपास व्होल्ट उरले होते. एकेक बॅटरी छोट्या चार्जरवर काही तास ठेवून वर आणली, मग मोठा चार्जर आपोआप सुरू झाला. आमच्याकडे हा प्रकार नव्हता. आमचा चार्जर रोज सुरू होत होता, त्याचा पिवळा दिवा रोज लागत होता.

वीज नीट, चार्जर नीट, सांधे साफ, तरीही सकाळी संच अर्धा. दोन दिवस मला काही सुचले नाही. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या कार्यालयात बसून मी गाडीच्या खर्चाची पावती-फाइल चाळत होतो. टायर, ब्रेकचे पट्टे, आसनाचे कापड, यांच्यामध्ये दर महिना-दीड महिन्याला डिस्टिल्ड वॉटरच्या पाच लिटरच्या कॅनची पावती होती. गाडी घेतल्यापासून अगदी नियमाने. ऑक्टोबरनंतर एकही पावती नव्हती. व्यवस्थापकांना विचारले तर ते म्हणाले, ‘‘काका, थंडी सुरू झाल्यापासून बॅटऱ्यांना पाणीच लागत नाही. मी दर पंधरवड्याला बुचे उघडून बघतो, पातळी जिथल्या तिथे.’’ त्यांनी खरोखर निगुतीने पाहिले होते आणि खर्च वाचल्याचे त्यांना समाधानही होते.

बॅटरी-खोलीत वीस-बावीस वर्षे काढलेल्या माणसाला हे ऐकून उभे राहावेसे वाटले. थंडीत बाष्पीभवन कमी होते हे बरोबर. परंतु अशा बॅटरीतले पाणी मुख्यतः वाफ होऊन जात नाही. चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात, सेल भरत आला की जादा वीज पाण्याचे विघटन करू लागते, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे येतात आणि पाणी कमी होते. बॅटरी पाणी पिते ती पोट भरत आल्यावर. चार महिने जिने घोटभर पाणी मागितले नाही, ती चार महिन्यांत एकदाही पूर्ण भरलेली नाही.

त्या बुडबुड्यांचे आणखी एक काम असते. अर्धवट चार्जिंगमध्ये नव्याने तयार झालेले आम्ल जड असल्यामुळे खाली बसते आणि वर पातळ पाणी राहते. बुडबुडे ते ढवळून एकजीव करतात. ते आलेच नाहीत तर हायड्रोमीटर वरच्या पातळ थराचीच ग्रॅव्हिटी दाखवतो आणि प्लेटांचा खालचा भाग तेवढ्या जड आम्लात झिजत राहतो. शिवाय वापरताना दोन्ही प्लेटांवर शिशाचे सल्फेट जमते, पूर्ण चार्ज झाला की ते विरघळून परत आम्लात जाते. अर्धे राहिलेले सल्फेट दिवसेंदिवस मोठ्या, कठीण कणांचे होत जाते आणि मग नेहमीच्या चार्जिंगला दाद देत नाही. १८५९ साली गास्ताँ प्लाँते यांनी शिशाची बॅटरी बनवली तेव्हापासून या बॅटरीची ही खोड कायम आहे. तिला उपाशी ठेवणे बाधते, पण रोज अर्धपोटी ठेवणे जास्त बाधते.

त्याच रात्री मी खुर्ची, वही आणि दोन्ही मीटर घेऊन पार्किंगमध्ये बसलो. घरून थर्मासमध्ये चहा आला. चालकाने ९ वाजून २० मिनिटांनी प्लग लावला. तेव्हा संच ४७.६ व्होल्टवर होता, चार्जरने १८ अँपिअर द्यायला सुरुवात केली. दहा वाजता ५१.९, अकरा वाजता ५३.०, साडेअकराला ५३.४. सगळे शिस्तीत चालले होते. या गतीने पहाटे केव्हातरी ५८-५९ व्होल्ट यायला हवेत, म्हणजे एका सेलला साधारण २.४५, आणि तिथून प्रवाह उतरत जाऊन सहा-सातच्या सुमारास हिरवा दिवा लागायला हवा असा हिशोब मी वहीच्या कडेला मांडला.

बरोबर बारा वाजता पार्किंगमधले निम्मे दिवे बंद झाले आणि चार्जरचा पंखाही थांबला.

ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आधी, विजेचे बिल कमी करावे म्हणून समितीनेच पार्किंगच्या दिव्यांना टायमर बसवून घेतला होता. मीही त्या ठरावाला हात वर केला होता. संध्याकाळी साडेसहाला सगळे दिवे लागायचे, बाराला एक आड एक बंद व्हायचे, पहाटे पाचला पुन्हा लागायचे आणि साडेसहाला विझायचे. चार्जरचा खटका पूर्वीच्या कोणीतरी सोयीसाठी त्या बंद होणाऱ्या दिव्यांच्याच लाइनवरून काढला होता, आणि माझा नवा खटकाही इलेक्ट्रिशियनने तिथूनच पुढे ओढला होता. मी पाचपर्यंत बसून राहिलो. पाच वाजता दिवे लागले, चार्जर जागा झाला आणि पिवळा दिवा लागला. सहाला चालक आला, पिवळा दिवा पाहिला आणि प्लग काढू लागला.

मी विचारले, ‘‘अरे, हिरवा दिवा लागायच्या आधीच काढतोस रोज?’’

‘‘काका, हिरवा आता लागतच नाही. दिवाळीच्या आधी लागायचा. मला वाटलं, चार्जरमधला तो दिवाच गेला असेल. चार्जिंग तर सकाळपर्यंत चालूच असतं ना, पिवळा दिसतो की!’’

त्याच्या जागी मीही असेच समजलो असतो. रात्री जाताना दिवा, सकाळी येताना दिवा. मधल्या पाच तासांच्या अंधाराचा साक्षीदार कोणी नव्हता. पहारेकऱ्यांची खुर्ची फाटकाशी असते, पार्किंगशी नाही. रात्री दोन तास चाळीस मिनिटे आणि पहाटे एक तास, असे मिळून रोज सुमारे ६५ अँपिअर-अवर संचात जात होते. शिशाच्या बॅटरीत घातलेले सगळे परत मिळत नाही, शंभर वापरले तर एकशे दहा-पंधरा घालावे लागतात. दिवसभराच्या फेऱ्या साठाच्या आत-बाहेर खात होत्या. म्हणून गाडी बंदही पडत नव्हती आणि भरतही नव्हती. चार महिने ती मधल्याच पायरीवर चढ-उतार करत होती आणि दर आठवड्याला सल्फेट थोडे थोडे घट्ट होत होते. फेब्रुवारीत त्याचा परिणाम चढावर दिसला.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून चार्जरसाठी मुख्य पॅनेलपासून स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र एमसीबी घेतला, त्यावर मराठीत ‘गाडीचे चार्जिंग – बंद करू नये’ अशी पट्टी लावली. सगळा खर्च मिळून चार हजारांच्या आत झाला.

आता प्रश्न उरला तो बॅटऱ्यांचा. शनिवारी संध्याकाळी सातनंतर गाडी बंद राहील अशी सूचना लिफ्टमध्ये लावली. रात्री आठला चार्जर लावला आणि रविवारी सकाळी साडेसातला, साडेअकरा तासांनी, हिरवा दिवा लागला. चालक मुद्दाम सुटीच्या दिवशी तो पाहायला आला होता. तरीही ग्रॅव्हिटी बहुतेक सेलची बाराशे पंचेचाळीस ते बाराशे पंचावन्नवरच थांबली होती. जी कसर होती ती कडक झालेल्या सल्फेटची. त्यासाठी इक्वलायझिंग, म्हणजे भरलेल्या संचाला जाणूनबुजून थोड्या जास्त व्होल्टेजवर आणि कमी प्रवाहावर आणखी काही तास ठेवणे. आमच्या चार्जरला तशी सोय आहे, ती सव्वादोन वर्षांत कोणी वापरलेली नव्हती. सेलला २.५८, म्हणजे संचाला ६१.९ व्होल्ट. सगळ्या प्लेटा पाण्याखाली आहेत याची खात्री करून घेतली. पाणी वरपर्यंत भरायचे ते मात्र चार्जिंग संपल्यावर, नाहीतर फुगून आम्ल बाहेर सांडते.

दर तासाला चोवीस सेलची फेरी. सगळ्या सेलमधून बारीक बुडबुडे येत होते आणि आम्लाचा तो उग्र वास पार्किंगमध्ये दरवळत होता. खेळायला आलेल्या मुलांना मी दूर पाठवले. आम्लाचे तापमान ४१ अंशांपर्यंत गेले. ग्रॅव्हिटीचा आकडा २७ अंशांना धरून वाचायचा असतो, त्याच्या वरच्या दर अंशाला ०.०००७ मिळवावे लागतात, म्हणजे ४१ ला १.२६२ दिसले तर ते खरे १.२७२. पहिल्या तासाला आकडे पाच-सात अंकांनी चढले, दुसऱ्याला तेवढेच, तिसऱ्याला निम्मे. पाचव्या तासानंतर तीन वाचने सारखीच आली तेव्हा थांबवले. बावीस सेल बाराशे सत्तर ते पंचाहत्तर. दुसऱ्या बॅटरीचा एक सेल बाराशे पंचावन्न. आणि पाचव्या बॅटरीचा मधला सेल, सगळे होऊनही, अकराशे नव्वद.

त्या सेलला लगेच निकामी ठरवणे मला योग्य वाटले नाही. पुढच्या रविवारी पुन्हा एकदा तसेच केले, तो जागचा हलला नाही. मग ती बॅटरी सुटी करून दोन दिवस नुसती ठेवली. शेजारचे दोन सेल जिथल्या तिथे राहिले आणि मधला अकराशे पन्नासवर आला. काहीही वापर नसताना जो सेल असा रिकामा होतो त्याच्या आत प्लेटांमध्ये गळती असते, खाली साचलेला गाळ प्लेटांना टेकलेला असतो किंवा मधला पडदा फाटलेला असतो. बाहेरून त्याला उपाय नाही.

एकच बॅटरी बदलावी की नाही यावर समितीत बरीच चर्चा झाली. जुन्या सात बॅटऱ्यांत नवी एक घातली तर काही काळाने ती जुन्यांच्या पातळीला उतरते हे मी आधीच सांगितले, कारण नंतर कोणी फसवल्याचे म्हणू नये. परंतु उरलेल्या सात बॅटऱ्या पूर्ण ग्रॅव्हिटी धरत होत्या आणि भारावर ५.८ च्या खाली जात नव्हत्या. त्यांना भंगारात काढण्याचे कारण नव्हते. त्याच बनावटीची, तेवढ्याच क्षमतेची नवी बॅटरी १७ हजारांना आणली, दुकानातच ती पूर्ण चार्ज करून घेतली आणि मगच जोडली, म्हणजे पहिल्या दिवशी सगळ्या आठ एका पातळीवर होत्या. जुनी बॅटरी दुकानदाराने परत घेतली. आतले शिसे आणि आम्ल कचऱ्यात जाऊ नये म्हणून ती परत देणे आवश्यकच असते.

बसवल्यानंतरच्या पहिल्या सकाळी संच ५०.८ होता. त्या दिवशी सहा माणसे घेऊन गाडी संध्याकाळी साडेसातलाही चढ चढली, आणि रात्री नऊला व्होल्टेज ४९.६ होते. त्या आजींनी चढावर मध्येच थांबवून मला हाक मारली आणि गाडीत बसवून वरपर्यंत नेले, जरी माझे घर खालच्या इमारतीत आहे.

आसनाखाली आता शंभर पानी वही असते. पहिल्या बॅटरीचा पहिला सेल आम्ही पायलट सेल ठरवला आहे. चालक रोज सकाळी प्लग काढण्याआधी दिव्याचा रंग लिहितो, सोमवारी पायलट सेलची ग्रॅव्हिटी घेतो आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघे चोवीस सेल घेतो. हायड्रोमीटर डोळ्यांच्या पातळीला धरून, फुगा काचेला चिकटला नाही हे पाहून वाचायला तो चटकन शिकला. एप्रिलमध्ये डिस्टिल्ड वॉटरचा एक कॅन लागला आणि त्याची पावती फाइलला लागली. दुसऱ्या बॅटरीचा तो एक सेल अजून बाराशे साठवर आहे, बाकीच्यांपेक्षा दहा-बारा अंकांनी मागे. मेमध्ये पार्किंगमध्येही दुपारी बरीच उष्णता असते, म्हणून त्याचे पुढचे इक्वलायझिंग पहाटे चारला सुरू करायचे ठरवले आहे.